वीज नसलेल्या ठिकाणी टीव्ही : बॅटरीच्या ऊर्जेचा हिशेब (एच. डी. कोटे येथील उदाहरणासह)

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
१. वॉट आणि वॉट-तास यांतील फरक सांगणे.
२. टीव्ही व इतर उपकरणांसाठी बॅटरी आणि सौर पॅनल किती मोठे हवे, याचा हिशेब मांडणे.
३. इन्व्हर्टर, तारा आणि खोल विसर्जन यांमुळे होणारे नुकसान ओळखणे व ते टाळणे.

१. प्रस्तावना

मैसूरच्या नैर्ऋत्येला सुमारे ५० किलोमीटरवर एच. डी. कोटे, म्हणजेच हेग्गडदेवनकोटे, हे तालुक्याचे गाव आहे. कबिनी धरणाचे विस्तीर्ण पाणी, नागरहोळे व बंदीपूरची जंगले आणि पलीकडे केरळचा वायनाड जिल्हा, असा हा परिसर. अलीकडे कॅराव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन इकडे येणारे पर्यटक दिसतात. राखीव जंगलात मुक्काम करता येत नाही. तेव्हा जंगलाबाहेरच्या एखाद्या शेतात, मालकाच्या परवानगीने, तुम्ही अशी गाडी लावली आहे असे समजा. जवळपास विजेचा खांब नाही. रात्री जेवणानंतर तीन तास टीव्ही पाहायचा आहे. सकाळी गाडी सुरू होईल का?

हा प्रश्न इथे गमतीचा नाही. एच. डी. कोटेवरून मानंतवाडीला जाणारा रस्ता जंगलातून जातो आणि वन्यप्राण्यांच्या सुरक्षिततेसाठी तो संध्याकाळी ६ ते सकाळी ६ बंद असतो. हा हत्तींचा मुलूख आहे. रात्री गाडी बंद पडली तर मदत मागवणे सोपे नाही.

याच तालुक्यात जेनु कुरुब, बेट्ट कुरुब, येरव या आदिवासी समाजांच्या वस्त्या आहेत. वस्तीला इथे 'हाडी' म्हणतात, आपल्याकडच्या पाड्यासारखीच. जंगलातल्या हाड्यांपर्यंत विजेच्या तारा नेणे अवघड असल्याने अनेक घरांत सौर दिवे आले. दिव्यासाठी दिलेल्या त्या छोट्या बॅटरीवर टीव्ही लावला तर काय होते, हा या पाठातला दुसरा प्रश्न. कॅराव्हॅनवाल्याची एक रात्र बिघडेल, पण हाडीतल्या घराची बॅटरी गेली तर अभ्यासाचा दिवाच जातो. दोन्ही प्रश्नांचे गणित मात्र एकच आहे.

२. वॉट आणि वॉट-तास

उपकरण कोणत्या वेगाने ऊर्जा वापरते ते शक्ती सांगते. तिचे एकक वॉट. एकूण किती ऊर्जा वापरली ते वॉट-तासात मोजतात.

शक्ती (वॉट) = विभवांतर (व्होल्ट) × विद्युतधारा (अँपिअर)
ऊर्जा (वॉट-तास) = शक्ती (वॉट) × वेळ (तास)

बॅटरी ही पाण्याची टाकी आहे असे धरा. वॉट म्हणजे नळाची धार आणि वॉट-तास म्हणजे टाकीतून गेलेले पाणी. बारीक धारेचा नळ रात्रभर उघडा राहिला तर मोठ्या नळापेक्षा जास्त पाणी जाते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

बॅटरीवर साधारणपणे '१२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास' असे लिहिलेले असते. दोन्हींचा गुणाकार केला की ऊर्जा मिळते : १२ × १०० = १२०० वॉट-तास. घरच्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. म्हणजे सुमारे ३० किलो वजनाच्या या बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट वीज मावते. घरी आपण ज्या विजेचा विचारही करत नाही, ती इथे मोजून वापरावी लागते.

३. टीव्हीला किती ऊर्जा लागते?

टीव्हीच्या मागे असलेल्या पट्टीवर वॉट लिहिलेले असतात. २४ इंची एलईडी टीव्ही साधारण २५ वॉट घेतो, ३२ इंची ४० ते ६० वॉट. सेट-टॉप बॉक्सला सुमारे १० वॉट लागतात. डिशवरच्या छोट्या ग्राहक भागालाही वीज याच बॉक्समधून, केबलवाटे जाते.

बॅटरीवर टीव्ही ही नवी गोष्ट नाही. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' लागायचे, तेव्हा वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडल्याच्या आठवणी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ऐकायला मिळतात. त्या काळचे छोटे कृष्णधवल टीव्ही १२ व्होल्टवर थेट चालत, म्हणून ते जमे. आजचे टीव्ही चित्रनळीच्या टीव्हींपेक्षा खूपच कमी ऊर्जा घेतात. त्यामुळे काम सोपे झाले आहे, पण हिशेब टळलेला नाही.

आपल्या कॅराव्हॅनमधला एका दिवसाचा वापर असा धरू :

| उपकरण | वॉट | तास | वॉट-तास |
|---|---|---|---|
| २४ इंची टीव्ही | २५ | ३ | ७५ |
| सेट-टॉप बॉक्स | १० | ३ | ३० |
| दोन एलईडी दिवे (प्रत्येकी ५ वॉट) | १० | ४ | ४० |
| दोन मोबाइल चार्ज करणे | – | – | २५ |
| एकूण | | | १७० |

टीव्ही आणि बॉक्स मिळून १०५ वॉट-तास, म्हणजे साधारण युनिटचा दहावा भाग. १२०० वॉट-तासांच्या बॅटरीपुढे हे फारच थोडे वाटते. मग बॅटऱ्या संपतात कशाने?

४. इन्व्हर्टरचा छुपा खर्च

बॅटरी दिष्ट धारा, म्हणजे डीसी देते. घरातली वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते. १२ व्होल्ट डीसीचे २३० व्होल्ट एसी करण्याचे काम इन्व्हर्टर करतो. या रूपांतरात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. शिवाय काहीही जोडलेले नसले तरी नुसता चालू राहण्यासाठी इन्व्हर्टर थोडी शक्ती घेत राहतो. मध्यम आकाराच्या एखाद्या इन्व्हर्टरसाठी ही शक्ती ८ वॉट धरू, आणि बाकी रूपांतराची कार्यक्षमता ९२ टक्के.

टीव्ही चालू असताना : ३५ ÷ ०.९२ = ३८ वॉट, अधिक ८ वॉट = ४६ वॉट
तीन तासांत : ४६ × ३ = १३८ वॉट-तास
उरलेले २१ तास इन्व्हर्टर चालूच राहिला तर : ८ × २१ = १६८ वॉट-तास
एकूण : ३०६ वॉट-तास

टीव्हीने वापरले १०५ आणि बॅटरीतून गेले ३०६. टीव्ही बंद असताना गेलेली ऊर्जा टीव्ही चालू असतानाच्या ऊर्जेपेक्षा जास्त आहे. हीच ती रात्रभर उघडी राहिलेली बारीक धार. काही सेट-टॉप बॉक्सही रिमोटने बंद केले तरी जवळपास तेवढीच शक्ती घेत राहतात, कारण रिमोटने फक्त चित्र थांबते. उपाय साधा आहे : टीव्ही पाहून झाला की इन्व्हर्टरचे मुख्य बटणच बंद करा.

दुसरा उपाय याहून चांगला. लहान टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स यांच्यासोबत बऱ्याचदा वेगळा अडॅप्टर येतो. त्यावर 'आउटपुट १२ व्होल्ट डीसी' असे लिहिले असेल तर त्या उपकरणाला मुळात डीसीच हवी असते. आधी डीसीची एसी आणि मग पुन्हा एसीची डीसी करण्यात अर्थ नाही. तरीही बॅटरीची तार सरळ टीव्हीत खुपसू नका. नावाला १२ व्होल्टची असली तरी शिसे-आम्ल बॅटरी रिकामी होताना ११ व्होल्टच्या खाली उतरते आणि चार्ज होताना १४ व्होल्टच्या वर जाते. म्हणून मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी-डीसी परिवर्तक लावावा आणि पिनेचे धन-ऋण टोक तपासून घ्यावे. त्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर टीव्ही व बॉक्ससाठी १०५ ÷ ०.९ = ११७ वॉट-तास लागतील. ३०६ च्या जागी ११७.

५. बॅटरीतून किती काढावे?

शिसे-आम्ल बॅटरी विसर्जित होते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. लगेच चार्ज केले तर ते पुन्हा विरघळते. बॅटरी बराच काळ रिकामी राहिली तर त्याचे कठीण स्फटिक बनतात, ते सहज विरघळत नाहीत आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. म्हणून अशा बॅटरीतून निम्मीच ऊर्जा वापरावी असा संकेत आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८० टक्क्यांपर्यंत ऊर्जा नेहमी काढता येते. ती वजनाने निम्म्याहून हलकी, पण विकत घेताना महाग पडते.

बॅटरी किती भरली आहे ते कसे ओळखायचे? १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी काही तास विश्रांतीत असेल तर पूर्ण भरलेली असताना सुमारे १२.७ व्होल्ट आणि निम्मी असताना सुमारे १२.२ व्होल्ट दाखवते. फरक फक्त अर्ध्या व्होल्टचा आहे. त्यामुळे 'अजून बारा व्होल्ट आहेत' यावर विसंबून टीव्ही चालू ठेवला तर बॅटरी निम्म्याच्या खाली गेलेली असते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. इंजिन सुरू करणारी बॅटरी काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअर देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या पट्ट्या पातळ असतात आणि वारंवार खोल विसर्जन त्यांना सोसत नाही. इन्व्हर्टरमार्गे टीव्ही सुमारे ३.८ अँपिअर घेतो. सहा तासांत जवळपास २३ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची जुनी बॅटरी यानंतर सकाळी इंजिन फिरवेलच असे नाही. म्हणून पहिला नियम : टीव्हीसाठी वेगळी बॅटरी ठेवा, इंजिनच्या बॅटरीला हात लावू नका.

या वेगळ्या बॅटरीचा आकार काढू. सलग दोन दिवस ऊन मिळाले नाही तरी काम चालले पाहिजे.

*डीसी मार्ग :* ११७ + ४० + २५ = १८२ वॉट-तास रोज. दोन दिवसांचे ३६४.
शिसे-आम्ल : ३६४ ÷ ०.५ = ७२८ वॉट-तास; ७२८ ÷ १२ = सुमारे ६१ अँपिअर-तास. बाजारातली ७५ ची घ्या.
लिथियम (१२.८ व्होल्ट) : ३६४ ÷ ०.८ = ४५५; ४५५ ÷ १२.८ = सुमारे ३६ अँपिअर-तास. ४० ची पुरे.

*इन्व्हर्टर दिवसरात्र चालू :* ३०६ + ४० + २५ = ३७१ वॉट-तास रोज. दोन दिवसांचे ७४२.
शिसे-आम्ल : ७४२ ÷ ०.५ ÷ १२ = सुमारे १२४ अँपिअर-तास. म्हणजे १५० ची बॅटरी.

एक बटण बंद न करण्याच्या सवयीसाठी दुप्पट बॅटरी विकत घ्यावी लागते.

६. तारा आणि फ्यूज

तेवढीच शक्ती कमी व्होल्टवर न्यायची तर धारा जास्त लागते. ४६ वॉट २३० व्होल्टवर न्यायला ०.२ अँपिअर पुरतात, १२ व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर लागतात. तारेतली घट धारा × रोध इतकी असते. बॅटरी टीव्हीपासून ५ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन तार १० मीटर होते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या १० मीटर तारेचा रोध सुमारे ०.१८ ओहम असतो.

घट = ४ × ०.१८ = ०.७२ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या ६ टक्के.

२.५ चौरस मिलिमीटरची तार वापरली तर घट ०.२९ व्होल्टवर येते. बॅटरीत ऊर्जा असूनही टीव्ही मध्येच बंद पडतो, त्यामागे अनेकदा अशी बारीक तार किंवा सैल जोड असतो.

फ्यूजला पर्याय नाही. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण बॅटरीची दोन टोके चुकून जोडली गेली तर शेकडो अँपिअर धारा वाहते, तार लाल होते आणि गाडीतला पडदा किंवा गादी पेट घेऊ शकते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाशी शक्य तितका जवळ बसवावा. शिसे-आम्ल बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती हवेशीर जागी ठेवावी आणि झोपण्याच्या बंद जागेत ठेवू नये.

७. बॅटरी पुन्हा कशी भरायची?

*गाडी चालवताना :* इंजिनवरचा अल्टरनेटर वीज तयार करतो. तिथून डीसी-डीसी चार्जरमार्गे दुसरी बॅटरी भरता येते. इंजिन बंद झाले की हा चार्जर दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवतो. २० अँपिअरचा चार्जर असेल तर मैसूर ते एच. डी. कोटे या तासाभराच्या प्रवासात २० अँपिअर-तास, म्हणजे सुमारे २५० वॉट-तास भरले जातात. आपल्या रोजच्या गरजेपेक्षा हे जास्त आहे.

*उन्हातून :* दिवसभराचे ऊन एकत्र केले तर पूर्ण तीव्रतेचे (दर चौरस मीटरला १००० वॉट) किती तास भरतील, त्याला आपण 'सूर्यतास' म्हणू. स्वच्छ हवेत इथे ते ४.५ धरू आणि पावसाळ्यात ३. धूळ, तापलेले पॅनल, तारा व चार्जिंगमधली घट धरून ७० टक्के ऊर्जा हाती येते असे मानू.

१०० वॉटचे पॅनल, स्वच्छ दिवस : १०० × ४.५ × ०.७ = ३१५ वॉट-तास
पावसाळी दिवस : १०० × ३ × ०.७ = २१० वॉट-तास

आपल्या १८२ वॉट-तासांसाठी १०० वॉटचे पॅनल पुरेसे आहे. एच. डी. कोटे सुमारे १२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे साधारण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. गाडीच्या टपावर आडवे बसवलेले पॅनल इथे वर्षभर चालते. मात्र गाडी झाडाच्या सावलीत लावली तर आत गारवा मिळतो आणि पॅनल जवळपास निकामी होते. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. म्हणून अनेक जण गाडी सावलीत लावून सुटे पॅनल लांब तारेने उन्हात ठेवतात. अर्थात तार जाड हवी.

८. हाडीतला सौर संच

आता दुसरा प्रश्न घेऊ. सरकारी योजनांतून दिलेल्या घरगुती सौर संचांचा एक नेहमीचा आकार म्हणजे ३७ वॉटचे पॅनल, १२ व्होल्ट ४० अँपिअर-तासांची बॅटरी आणि ९ वॉटचे दोन सीएफएल दिवे.

रोजची आवक : ३७ × ४.५ × ०.७ = सुमारे ११७ वॉट-तास
दिवे : २ × ९ × ४ तास = ७२ वॉट-तास

दिव्यांसाठी संच पुरून उरतो. आता घरात टीव्ही आला, आणि तो डीसी मार्गाने तीन तास चालवला, असे धरा :

खर्च : ७२ + ११७ = १८९ वॉट-तास
रोजची तूट : १८९ – ११७ = ७२ वॉट-तास

बॅटरीतले वापरण्याजोगे २४० वॉट-तास (४८० चे निम्मे) सुमारे साडेतीन दिवसांत संपतात. बॅटरी आणखी उतरली की चार्ज कंट्रोलर पुरवठा तोडतो. हा बिघाड नाही, बॅटरीचे रक्षण आहे. पण घरच्यांना दिसते ते एवढेच की डब्यातला लाल दिवा लागला आणि टीव्ही बंद पडला. मग कोणीतरी जाणकार कंट्रोलर बाजूला ठेवून बॅटरीला थेट तारा जोडतो. टीव्ही चालतो आणि जाणकाराचे कौतुकही होते. बॅटरी मात्र रोज तळापर्यंत जाते, सल्फेटचे स्फटिक साचतात, आणि जी बॅटरी काही वर्षे टिकली असती ती काही महिन्यांत निकामी होते. देशभर अनेक सौर संच असेच बंद पडले आहेत. नवी बॅटरी घेणे रोजंदारीवरच्या कुटुंबाला सोपे नसते. टीव्ही गेला, आणि त्याबरोबर दिवाही.

'गरिबाने टीव्ही पाहू नये' असा याचा अर्थ मुळीच नाही. बातम्या, शाळेचे कार्यक्रम, सिनेमा यांवर हाडीतल्या मुलांचा तुमच्या-आमच्याइतकाच हक्क आहे. हिशेब बदलून टीव्ही बसवता येतो का ते पाहू. सीएफएल काढून ४ वॉटचे एलईडी दिवे लावा :

दिवे : २ × ४ × ४ = ३२ वॉट-तास
टीव्ही व बॉक्स एक तास : ३५ ÷ ०.९ = ३९ वॉट-तास
एकूण : ७१ वॉट-तास
पावसाळ्यातली आवक : ३७ × ३ × ०.७ = सुमारे ७८ वॉट-तास

म्हणजे भर पावसाळ्यातही दिवे आणि रोज एक तास टीव्ही त्याच संचावर बसतो. उन्हाळ्यात दोन तास जमतात (३२ + ७८ = ११०, आवक ११७). दिवे बदलले आणि वेळ ठरवून घेतली, एवढ्यावर भागले. हे गणित संच बसवताना घरातल्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणे हेही तंत्रज्ञाचे काम आहे. 'कंट्रोलरला हात लावू नका' एवढेच सांगून निघून गेलात तर हात लागणारच.

९. सारांश

• बॅटरीवर टीव्ही चालवताना वॉटपेक्षा वॉट-तास महत्त्वाचे. किती वेळ चालणार, हे आधी विचारा.
• छोटा टीव्ही फार ऊर्जा घेत नाही. चालू राहिलेला इन्व्हर्टर आणि बॉक्स जास्त घेतात.
• शक्य तिथे डीसी उपकरण स्थिर १२ व्होल्टवर थेट चालवा.
• इंजिनची बॅटरी आणि टीव्हीची बॅटरी वेगळी ठेवा.
• शिसे-आम्ल बॅटरीतून निम्मीच ऊर्जा वापरा आणि चार्ज कंट्रोलर कधीही वगळू नका.
• रोजची आवक रोजच्या खर्चापेक्षा जास्त हवी. हिशेब पावसाळ्याचा धरा.

स्वाध्याय

१. तुमच्या घरच्या टीव्हीमागची पट्टी वाचा. तो रोज किती वॉट-तास वापरतो?
२. वरच्या कॅराव्हॅनमध्ये २४ इंची टीव्हीऐवजी ५० वॉटचा ३२ इंची टीव्ही लावला, तर डीसी मार्गाने रोज किती ऊर्जा लागेल? ७५ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी ऊन नसताना दोन दिवस पुरेल का?
३. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पाड्यावर ७५ वॉटचे पॅनल आहे. गावकऱ्यांना ८० वॉटच्या टीव्हीवर चार तासांचा क्रिकेट सामना पाहायचा आहे. परिवर्तकाची कार्यक्षमता ९० टक्के आणि सूर्यतास ४.५ धरून, एका दिवसाची आवक सामन्याला पुरेल का ते काढा. पुरत नसेल, तर बॅटरीला इजा न करता सामना पाहण्याची युक्ती सुचवा.

उत्तरांसाठी सूचना : (२) टीव्ही व बॉक्स १८० ÷ ०.९ = २००; एकूण २६५ वॉट-तास रोज, दोन दिवसांचे ५३०. बॅटरीतून वापरण्याजोगे ४५०, म्हणजे पुरणार नाही. (३) गरज सुमारे ३५६ वॉट-तास, आवक सुमारे २३६. आदले एक-दोन दिवस टीव्ही बंद ठेवून बॅटरी पूर्ण भरून घेता येईल का, त्यासाठी बॅटरी किमान केवढी हवी, याचा विचार करा.